खांबांवर ठेवलेलं घर

३ मार्च

कागद फाडून टाकावासा वाटला. फाडला नाही — नवऱ्याचं, हाविलीचं अक्षर आहे.

वकीलबाई वयानं माझ्या लेकीएवढी, लूपेएवढी, पण तोंडाची स्पष्ट. मृत्युपत्र वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "बाई, असा एक तरी कागद दर महिन्याला येतो माझ्याकडे. टोंगात जमीन मृत्युपत्रानं देता येत नाही. कुणालाच नाही. कितीही सुंदर अक्षरात लिहिलं तरी नाही."

हाविलीनं भरल्या घरात वाचून दाखवला होता हा कागद. मध्ये कावा प्यायचं भांडं, शेजारी साक्षीला पाद्रीबाबा. स्वतःचा आवाज स्वतःला आवडायचा त्याला! "माझी जमीन तेलेसियाला, तिच्यामागे माझ्या लूपेला." सगळे रडले. सेमिसी — माझा धाकटा दीर — सगळ्यांत मोठ्यानं रडला. त्याला तेव्हाच ठाऊक असणार.

कायदा असा: जमीन मुलाकडे. मुलगा नसेल तर भावाकडे. लूपे एकुलती एक, पण लग्न करून ऑकलंडला गेलेली — म्हणजे बाद. मी विधवा, म्हणून मला मरेपर्यंत राहायचा हक्क. तोही दोन अटींवर.

"दुसरं लग्न केलंत," वकीलबाई बोटांवर मोजत म्हणाली, "किंवा व्यभिचार सिद्ध झाला, की हक्क संपला. दीर मालक."

"आणि बायको मेलेल्या पुरुषाला काय अट?"

"काही नाही."

वा! पुरुषाला जमीन जन्मानं मिळते, बाईला चारित्र्यानं. हे वाक्य जपून ठेवते. उपयोगी पडेल.

निघताना ती म्हणाली, "एक ओळ मात्र चालते. शेवटी त्यांनी लिहिलंय — घर आणि घरातलं सामान बायकोला. आपल्याकडे असं लाकडी घर जमिनीत धरत नाहीत. खांबांवर ठेवलेली वस्तू आहे ती. ते तुमचंच."

"मग काय घर डोक्यावर घेऊन फिरू?"

हसली. मी नाही हसले.

६ मार्च

कचेरीत माझ्या राहायच्या हक्काचा अर्ज दिला. हाविलीला जाऊन वर्ष व्हायला थोडेच दिवस उरलेत. वर्ष उलटतं तर माझा हक्कही गेला असता. कारकून म्हणाला, "बाई, तुम्ही मला शाळेत वादविवाद शिकवलात." म्हटलं, "मग शिक्का नीट मार."

११ मार्च, मंगळवार

माका सुतार येऊन गेला. गेल्या वादळात उचकटलेले पत्रे बसवून झाले. आता पायऱ्या.

हे घर हाविलीनं आणि त्यानंच मिळून बांधलं. आता त्याची बायको नाही, माझा नवरा नाही. त्याची स्वतःची खोपी वादळात उडून गेली, तो भावाच्या पडवीत झोपतो. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्याची जमीन आहे, तिच्यावर नुसते सुरण आणि केळी. सुताराला घर नाही! त्याला हे सांगितलं की म्हणतो, "होय बाई." गावात सगळे मला बाई म्हणतात, निम्म्यांना मी शिकवलंय. माका माझ्या वयाचा, त्याला कधी शिकवलं नाही, तरी बाईच म्हणतो.

काम झालं की चहा. मी वर्तमानपत्र वाचते आणि भांडते. तो ऐकतो. माझ्या बोलण्याला न कंटाळणारा गावातला दुसरा माणूस. पहिला हाविली.

१५ मार्च

सेमिसीकडे जेवण. उमूच्या खड्ड्यातल्या भट्टीतून काढलेलं पानांत बांधलेलं लू, डुकराचं मटण, सगळं झकास. थोरल्या नणंदबाई एसेता आल्या होत्या. त्या आल्या की घरातले पुरुष आपोआप पाय आवरून बसतात. हाविलीच्या मढ्याच्या उशाशी त्याच बसल्या होत्या; तो मान भावाच्या थोरल्या बहिणीचा. मान बहिणीला, जमीन भावाला — आमची जुनी वाटणी!

टीव्हीवर कसलासा सिनेमा लागला. नायक नायिकेच्या जवळ सरकला मात्र, सेमिसी ताट टाकून अंगणात. बहिणीसमोर भावानं तसलं बघायचं नाही, तसला शब्द तोंडातून काढायचा नाही. पन्नाशी उलटलेला बाप्या आंब्याखाली उभा राहून आभाळ बघत होता! वन्सं मात्र शांतपणे माशाचे काटे काढत होत्या.

त्या माझ्याशी दोन वाक्यंच बोलल्या. "वाळलीस." आणि "जास्त बोलतेस, ऐकलं मी."

२४ मार्च

सेमिसी आला. बसला नाही.

"वहिनी, माका फार येतो म्हणे."

"पायऱ्या मोडल्यात, भावजी. तुम्ही बसवणार होतात ना?"

"लोक बोलतात."

"लोकांना मी बोलायला शिकवलंय. बोलू देत."

"जमीन आमच्या वडिलांची आहे. अजून भावाचं सुतक फिटलं नाही. तुम्ही ऑकलंडला लूपेकडे जा ना. थंडी असते, पण हीटर असतो."

माझ्याच घरात उभा राहून मला हीटर दाखवतो! म्हटलं, "भावजी, ज्या घरात मी नवऱ्याचे डोळे मिटले, तिथून मला कुणाच्या चहाडीनं कुणी हलवू शकत नाही. जाताना चौथ्या पायरीवर जपून. अजून हलतेय."

चौथ्याच पायरीवर अडखळला.

२ एप्रिल

जाऊबाई, म्हणजे सेमिसीची सेला, समोरच्या फणसाखाली चटई विणायला बसते हल्ली. रोज. तोंड माझ्या दाराकडे.

मी चहा घेऊन गेले. "इथून नीट दिसत नाही गं. अजून थोडी पुढे बस."

"इश्श, सावलीला बसलेय मी."

"सावली त्या बाजूला पडलीय."

बिचारी लाल झाली. चहा मात्र प्यायली.

१९ एप्रिल

वर्ष झालं. शोकात कमरेला गुंडाळतात ती मोठी चटई सोडली. इतके महिने अंगावर होती की आता चालताना हलकं वाटतं आणि हलकं वाटल्याबद्दल अपराधी. हाविलीच्या कबरीवर पांढरी वाळू पसरली. त्याला सांगितलं — तुझा कागद चालला नाही रे. रागावले नाहीये. पण एकदा वकिलाला विचारलं असतंस तर!

विचारलं नसतंच त्यानं. त्याला वाटायचं, मोठ्यानं वाचलं की ते खरं होतं. मलाही तसंच वाटतं. म्हणून तर पटलं आमचं.

२८ एप्रिल

नोटीस. सेमिसीनं जमीन न्यायालयात दावा केलाय. "सदर विधवेनं माका या इसमाशी अनैतिक संबंध ठेवल्यामुळे..." पुढचं वाचवेना. मग मुद्दाम वाचलं. मोठ्यानं. व्हरांड्यात उभी राहून, सेलाला ऐकू जाईल असं.

२९ एप्रिल

माका आला नाही. निरोप धाडला — बाईंना त्रास नको.

मी त्याच्या भावाच्या घरापर्यंत चालत गेले, भर दुपारी, गावाच्या मधल्या रस्त्यानं. तो पडवीत रंधा मारत होता.

"मंगळवार आहे आज," मी म्हटलं.

"बाई, तुमची जमीन जाईल."

"तू आला नाहीस तर ते खरं ठरेल. चोरासारखं तोंड लपवलं की चोरी केलीच असं धरतात. आणि तुला जमिनीचं काय? तू दहा लग्नं कर, तुझी जमीन तुझीच! चल. कठडा राहिलाय."

उठला. रस्ताभर माझ्या मागून चार हात अंतर राखून चालला. मी थांबले की थांबायचा. शेवटी ओरडले, "शेजारून चाल! मागून आलास तर जास्त वाईट दिसतं."

६ मे

गावाच्या सभेत बोलले. अशा सभेत वरून हुकूम येतो, खाली माना हलतात, बाई तर बोलतच नाही. विषय डुकरं मोकाट सुटतात हा होता. डुकरांचं संपल्यावर मी उठले.

जे मनात होतं ते सगळं म्हटलं. की या गावात एक विधुर आणि एक विधवा एकाच व्हरांड्यात चहा पितात. चहा एकच, किटली एकच, आणि तरी त्याची जमीन सुरक्षित आणि माझी फणसाखालून मोजली जाते. की जो कायदा बाईच्या अंथरुणात डोकावून तिला छप्पर देतो, तो तिला छप्पर देत नाही, पहारा देतो. की या अटी काढून टाका असा अर्ज आम्ही बायका राजधानीला पाठवतोय. "पुरुषाला जमीन जन्मानं मिळते, बाईला चारित्र्यानं!" — उपयोगी पडलं.

गावचा अधिकारी घसा खाकरत म्हणाला, "तर डुकरांचं ठरलं."

पण मागच्या रांगेतून टाळ्या पडल्या. बायकांच्या. एकीनं तर चप्पल काढून चटईवर आपटली.

अर्जावर सह्या गोळा होताहेत. सेलानं केली नाही. पण चहा परत मागितला.

२० मे

माका म्हणाला, "बाई, तुम्ही सभेत बोलताना तुमचे हात थरथरत होते."

कुणालाच दिसलं नसेल अशी माझी खात्री होती.

२१ मे

लिहायला हरकत नाही, ही वही माझी आहे. वर्षभर मनात नव्हतं. खरंच नव्हतं! ह्या गाढवांनीच डोक्यात घातलं. सगळं गाव एखाद्याकडे बोट दाखवू लागलं की आपणही वळून बघतोच. मीही बघितलं. त्याच्या कानावर पेन्सिल असते. गेली कित्येक वर्षं असणार. मला परवा दिसली.

काही घडलेलं नाही. काही घडणार नाही. सेमिसीच्या हातात मी काडी देणार नाही.

२७ मे, मंगळवार

कठडा झाला. आता दुरुस्त करायला काही उरलं नाही. तो म्हणाला, "खिडकीची कडी ढिली आहे." कडी चांगली घट्ट आहे.

"हो," मी म्हटलं. "फार ढिली."

११ जून

न्यायालय. सगळं लिहून ठेवते, एक शब्द सांडू द्यायचा नाही.

सेमिसी साक्षीला उभा राहिला. नवी चटई कमरेला, केसांना तेल. त्याचा वकील विचारतो, "मार्चमधल्या त्या मंगळवारी तुम्ही काय पाहिलंत?" सेमिसीनं छाती भरून श्वास घेतला — आणि दार उघडलं.

एसेता वन्सं. कुणी बोलावलं नव्हतं. काठी टेकत, मोठी जुनी चटई गुंडाळून, सरळ पहिल्या बाकावर. भावाच्या समोर. बसल्या, आणि त्याच्याकडे बघू लागल्या.

सेमिसीचं तोंड उघडंच.

"बोला," वकील म्हणाला.

"चपला पाहिल्या."

"कुणाच्या?"

"माकाच्या."

"कुठे?"

"पायरीवर."

"आणि आत काय चाललं होतं?"

सेमिसीनं कमरेची चटई सारखी केली. वकिलानं पुन्हा विचारलं, जरा उघड शब्दांत. सेमिसी जमिनीकडे बघत राहिला. न्यायाधीश म्हणाले, उत्तर द्या. तेवढ्यात कारकून त्यांच्या कानाशी लागला, एवढं शांत होतं की आम्हांला सगळ्यांना ऐकू आलं — "साहेब, बहीण बसलीय समोर."

न्यायाधीशांनी अदबीनं विचारलं, आजी थोडा वेळ बाहेर बसतील का?

"गुडघे आहेत, साहेब," वन्सं म्हणाल्या. "एकदा बसले की जेवायलाच उठते."

हसू दाबताना माझा ओठ दुखावला.

मग सेलाला उभं केलं. फणसाखालून काय दिसायचं? ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी सावलीला बसले होते. बाई चहा पाठवायच्या. दार उघडंच असायचं. दुसरं काही दिसलं नाही."

दावा फेटाळला.

१३ जून

लूपेचा ऑकलंडहून फोन. "आई, जिंकलीस!" फोनवरच नाचत होती.

चर्चबाहेर बायकांनी मिठ्या मारल्या. पाद्रीबाबा म्हणाले, "बाई, तुमची अब्रू राहिली."

त्या वाक्यानं अंगाची आग झाली. माझी अब्रू गेली कधी होती? कुणाकडे ठेवायला दिली होती मी? जिंकले म्हणजे काय झालं — कायद्यानं मला तपासलं आणि पास केलं. आता मरेपर्यंत दर मंगळवारी पास व्हायचं. सेमिसी थांबेल, पण त्याचा मुलगा थांबेल का? चहाचा एक कप जास्त झाला की पुन्हा नोटीस. मी जमीन जिंकले नाही. मी परीक्षा जिंकले!

१७ जून, मंगळवार

माका आला नाही. न्यायालयात त्याचं नाव चारचौघांत घेतलं गेलं, त्याला लाज वाटते. बाईंना आता निवांत राहू दे, म्हणाला म्हणे.

खिडकीची कडी मीच ढिली केली. पेचकस कुठे ठेवलाय ते माहीत नव्हतं, सुरीनं केली.

२ जुलै

दुपारी एसेता वन्सं आल्या. पहिल्यांदाच एकट्या. व्हरांड्यात बसल्या, कठड्यावरून हात फिरवला. "चांगला केलाय त्यानं."

सुरण उकडले होते, नारळाचं दूध घातलं. खात राहिल्या. मी आभार मानायला तोंड उघडलं, त्यांनी हातानंच थांबवलं.

"तुला जमीन मिळावी म्हणून आले नव्हते मी. माझ्या भावाच्या तोंडून ती घाण निघू नये म्हणून आले."

मग, सुरणाचा आणखी एक तुकडा घेऊन —

"माझा नवरा गेला तेव्हा मी तुझ्यापेक्षा खूप लहान होते. जमीन चांगली होती. समुद्राच्या बाजूची. एक जण होता. होडी चालवायचा. त्यानं विचारलं."

"आणि?"

"आणि काय? जमीन जाईल, म्हटलं मी. तो हापाई बेटावर गेला. लग्न केलं. नातवंडं आहेत म्हणे." बोटावरचं नारळाचं दूध चाटलं. "मी जमीन राखली. अजून आहे. माझ्या नवऱ्याचा पुतण्या शेजारी राहतो. रोज सकाळी कुंपणावरून विचारतो, काकू, बऱ्या आहात ना? मी म्हणते, आहे. त्याचं तोंड पडतं."

मी काही बोलले नाही. मी! काही बोलले नाही.

"जमिनीनं मला नाही राखलं गं, तेलेसिया." कधी नावानं हाक मारली नव्हती त्यांनी. "आता उठव मला. आणि एवढी जीभ आहे ना तुला? सगळी सभेतच संपवू नकोस."

३ जुलै

वकीलबाईंकडे गेले. एकच प्रश्न विचारला. घर नक्की माझंच ना?

"नक्की तुमचंच."

५ जुलै

हाविलीच्या कबरीवर बसले. बराच वेळ. सगळं मोठ्यानं सांगितलं.

८ जुलै, मंगळवार

मी गेले. तो पडवीत होता. कानावर पेन्सिल. मी उभ्यानंच बोलले, दोन वाक्यं. आयुष्यातलं माझं सगळ्यांत छोटं भाषण.

त्यानं कानावरची पेन्सिल काढून हातात धरली. मग — "बाई..."

"आधी ते बाई बंद कर."

२५ जुलै

अर्जावर सह्या वाढताहेत. राजधानीला मीच घेऊन जाणार. एकीनं विचारलं, "बाई, तुमची जमीन तर राहिली. आता कशाला धडपड?" म्हटलं, माझ्यासाठी नाही. पुढे जिच्या दाराकडे तोंड करून कुणी फणसाखाली बसेल, तिच्यासाठी.

सेलानं सही केली.

१६ ऑगस्ट, शनिवार

सकाळी लग्न झालं. दुपारी घर उचललं, माकाच्या जमिनीवर न्यायला.

अर्धं गाव दोर धरायला. जॅक, ओंडके, माडाचे बुंधे, उधार आणलेला ट्रक. माका नवरदेवाच्या कपड्यांत खाली घुसून एकेक खांब सोडवत होता. मागे राहिली नुसती खड्ड्यांची ओळ आणि सेमिसीची जमीन.

तो तिथेच उभा होता. म्हटलं, "भावजी, घ्या. आता काही सिद्ध करायचे कष्ट नकोत."

ट्रक सुरू झाला तरी एसेता वन्सं व्हरांड्यातून उतरेनात. सगळे ओरडले, आजी, खाली या, घर हलतंय!

"गुडघे," त्या म्हणाल्या, आणि कठडा घट्ट धरून बसल्या.